एकच लॅपटॉप, दुकानाचा हिशेब आणि शेतातली गाडी: विंडोज ११ शेजारी उबंटू बसवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

घरात चांगला लॅपटॉप एकच. दिवसा तो वडिलांच्या कृषी सेवा केंद्रात असतो. टॅलीतली बिले, खता-बियाण्यांचा साठा, दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रे, हे सगळे त्यावरच. रात्री तो मुलीकडे येतो. ती मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघांच्या गटाचा प्रकल्प म्हणजे पिकाच्या ओळींमधून स्वतः वाट काढणारी छोटी चारचाकी गाडी. गाडीचे भाग सॉलिडवर्क्समध्ये रेखाटलेले, म्हणजे विंडोज सोडता येत नाही. गाडीचे सगळे चालकतंत्र मात्र रॉस २ या यंत्रमानवांसाठीच्या सॉफ्टवेअरवर. त्यांनी निवडलेली जॅझी ही आवृत्ती मे २०२४ मध्ये आली. ती उबंटू २४.०४ या लिनक्स प्रणालीसाठी बांधलेली असून मे २०२९ पर्यंत तिला आधार आहे. तिच्या जोडीला गॅझेबो हार्मोनिक हे सिम्युलेटर. गाडीवरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकातही उबंटू २४.०४ च होते.

लॅपटॉपमध्ये दहाव्या पिढीचा इंटेल कोर आय५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स आणि विंडोज ११ होम. विंडोजच्या मोजणीने डिस्क ४७६ जीबी, त्यातले सुमारे २१२ जीबी भरलेले.

अडचण

प्रकल्पाचा आढावा तीन आठवड्यांवर आला होता. गाडी हाताने फिरवून नकाशा तयार करणे आणि मग तिला त्याच नकाशावर स्वतः चालवणे, एवढे दाखवायचे होते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लिनक्सची यंत्रे होती, पण ती संध्याकाळी पाचला बंद होत आणि शेतात नेता येत नसत.

दुसरी बाजू वडिलांची. त्यांच्यासाठी हे दुकानाचे गल्ल्याइतकेच महत्त्वाचे यंत्र. सकाळी साडेनऊला शटर उघडल्यावर ते नेहमीसारखे सुरू झाले पाहिजे, मेनू नको, इंग्रजी प्रश्न नकोत. ही अट त्यांनी सुरुवातीलाच घातली आणि शेवटी सगळी रचना तिच्याभोवतीच बेतली गेली.

पाहिलेले पर्याय

पहिला डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स. बसवायला सर्वांत सोपा, डिस्कला धक्का नाही, गॅझेबोची खिडकीही उघडते. दोन दिवस यावर खर्च केले ते योग्यच होते. अडले दोन ठिकाणी. लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, यूएसबीवर होता. तो डब्ल्यूएसएलमध्ये आणायला यूएसबीआयपीडी हे वेगळे साधन लागते आणि वायर निघून पुन्हा लागली की जोडणीची आज्ञा पुन्हा द्यावी लागते. शेतात चालताना हे दर पाच मिनिटांनी व्हायचे. दुसरे म्हणजे नेटवर्क. रॉस २ चे भाग एकमेकांना मल्टिकास्टने, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना एकदम हाक देऊन, शोधतात आणि डब्ल्यूएसएलचे मूळ नेटवर्क नॅटच्या, म्हणजे वेगळ्या अंतर्गत पत्त्यांच्या, आड असल्याने रास्पबेरी पाय दिसतच नव्हता. मिरर्ड नेटवर्किंग चालू करून, फायरवॉलमध्ये वाट उघडून तो कधी दिसे, कधी नाही. शिवाय डब्ल्यूएसएल आपणहून निम्म्या रॅमपर्यंत, म्हणजे ८ जीबीपर्यंतच, जाते.

व्हर्च्युअल मशीन एका संध्याकाळीच बाद झाले. ग्राफिक्स कार्डाचा उपयोग होत नसल्याने गॅझेबो अडखळत चालले.

बाहेरच्या एसएसडीवर उबंटू बसवून यूएसबीने चालवणे हा तिसरा. गटाने तो वायर हलून यंत्र मध्येच गोठेल या भीतीने नाकारला. भीती खरी आहे, पण लहान केबल घेऊन एसएसडी झाकणाच्या मागे चिकटपट्टीने बांधली की ती बरीच कमी होते. हा पर्याय घाईत बाजूला टाकला गेला.

उरला ड्युअल बूट: एकाच डिस्कवर दोन्ही, सुरू करताना निवड. वेग पूर्ण, यूएसबी आणि नेटवर्क थेट. जोखीम एकच पण मोठी: हिशेबाची डिस्क उघडून तिच्यात बदल करायचे.

पहिला प्रयत्न: ९ तारखेची रात्र

जीएसटीआर-१ ला दोन दिवस असताना मावसभावाने स्वतःकडचा उबंटू २२.०४ चा पेनड्राइव्ह आणला. एप्रिल २०२२ मध्ये बनवलेला. तो लावून लॅपटॉप सुरू करताच काळ्या पडद्यावर शिमची एसबॅट पडताळणी अयशस्वी, सुरक्षा धोरणाचा भंग, असा संदेश आला आणि यंत्र बंद पडले.

हा पेनड्राइव्हचा बिघाड नव्हता. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना उबंटू सुरू होते ते शिम या मायक्रोसॉफ्टने सही केलेल्या छोट्या प्रोग्रॅममार्फत. शिम आणि ग्रबच्या (लिनक्स सुरू करणारा बूटलोडर) जुन्या, छिद्रे असलेल्या आवृत्त्या रद्द ठरवणारी यादी म्हणजे एसबॅट. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने ही यादी असंख्य यंत्रांच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या बायोसमध्ये, पुढे सरकवली. त्यानंतर जुने पेनड्राइव्ह नाकारले जाऊ लागले. उपाय सरळ होता: नवी आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) उतरवून नवा पेनड्राइव्ह करणे.

मावसभावाने त्याऐवजी सिक्युअर बूटच बंद केले. पेनड्राइव्ह सुरू झाला, पण इन्स्टॉलरला आतली डिस्क दिसेना. आरएसटी (इंटेलचा डिस्क हाताळण्याचा एक मोड) चालू आहे, ते बंद करा, एवढेच इन्स्टॉलर सांगत होता. मग पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर विंडोजऐवजी निळा पडदा आणि ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की भरायची चौकट.

इथे घरात पहिल्यांदा कळले की डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, आहे. विंडोज ११ होममध्ये याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. यंत्र नवे असताना कोणी मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की ते आपोआप चालू होते आणि रिकव्हरी की त्या खात्यात जाते. रोज ती लागत नाही, कारण मदरबोर्डवरची टीपीएम चिप डिस्कची किल्ली गुपचूप पुरवते. पण यंत्र ज्या स्थितीत सुरू होते तिची मोजमापे जुळली तरच. सिक्युअर बूट चालू की बंद हे त्या मोजमापांतलेच एक.

की कोणाच्या खात्यात? मुलीच्या खात्यात नव्हती. वडिलांचे खाते लोकल, त्याला मायक्रोसॉफ्टशी देणेघेणेच नाही. लॅपटॉप घेताना दुकानदाराने 'सगळे चालू करून' दिला होता, म्हणजे स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने. की तिकडे.

निर्णयाचा क्षण: निळ्या पडद्यासमोर

रात्रीचे पावणेदहा. मावसभावाचे म्हणणे, विंडोज नव्याने टाकू. तसे केले असते तर एन्क्रिप्ट केलेला सगळा डेटा कायमचा गेला असता, आणि टॅलीचा शेवटचा बॅकअप सतरा दिवसांपूर्वीचा होता. दुसरा मार्ग सकाळी दुकानदाराला गाठणे, त्याला ते खाते आणि पासवर्ड आठवत असेल या भरवशावर.

मुलीने प्रयोगशाळेतल्या सहायकांना फोन केला. त्यांनी एकच विचारले, "बायोसमध्ये काय काय बदललंत, ते आठवून सांग." बदल एकच होता. "मग तो पूर्ववत कर. दुसरं काही दाबू नकोस." सिक्युअर बूट पुन्हा चालू केले, लॅपटॉप सुरू केला आणि विंडोज की न मागता उघडले. मोजमापे पुन्हा जुळली होती.

बिटलॉकर किल्ली मागतो म्हणजे डिस्क बिघडली असे नव्हे. आपण काय बदलले ते आठवून उलट फिरवणे ही पहिली पायरी. बायोसमध्ये शिरण्याआधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला की आठवणीवर विसंबावे लागत नाही.

तयारी

१० तारखेला जीएसटीआर-१ भरून टाकला. कामासाठी १२ ते १४ तारीख ठरली: ११ आणि २० च्या मधली मोकळी जागा.

सर्वांत आधी रिकव्हरी की. विंडोज उघडत असेल तर ती मिळवायला दुकानदाराची गरजच नसते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:' ही आज्ञा रोमन अक्षरांत दिली की ४८ अंक पडद्यावर येतात. ते दोन कागदांवर उतरवले आणि दोघांनी अंक अंक जुळवून पाहिले.

मग बॅकअप. टॅलीच्या प्रत्येक कंपनीचा बॅकअप बाहेरच्या १ टीबी हार्ड डिस्कवर घेतला आणि तो शेजारच्या दुकानातल्या संगणकावर रिस्टोअर करून मागच्या आठवड्याचे बिल दिसते का ते पाहिले. बॅकअप घेतला एवढ्यावर थांबणारे पुष्कळ असतात. उघडून पाहिलेला बॅकअपच धरायचा. शिवाय ८ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर विंडोज ११ चे इन्स्टॉलर करून ठेवले, कारण बूट बिघडले तर दुरुस्तीला तेच लागते.

एन्क्रिप्शन तात्पुरते स्थगित करायचे की पूर्ण काढायचे? स्थगित करणे मिनिटाचे काम. पण पुढे स्टोरेज मोड, सेफ मोड, पार्टिशन असे तीन बदल लागोपाठ होणार होते, आणि उबंटूचा इन्स्टॉलर बिटलॉकर असलेल्या डिस्कवर विंडोजशेजारी बसायला नकार देतो. म्हणून पूर्ण काढले. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन, बंद. चार्जर लावून ठेवला. भारनियमनाच्या वेळेत हे काम करायचे तर बॅटरी पूर्ण भरलेली हवी. तासाभराने 'मॅनेज-बीडीई -स्टेटस' मध्ये शून्य टक्के एन्क्रिप्टेड दिसले. त्याआधी पुढे जायचे नाही.

स्टोरेज मोड बदलणे

इन्स्टॉलरला डिस्क न दिसण्याचे कारण बायोसमध्ये होते. त्या काळातल्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत स्टोरेज कंट्रोलर 'रेड' म्हणजे आरएसटी मोडमध्ये येतो. या मोडमध्ये एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या पाठीमागे लपवली जाते. लिनक्सचा कर्नल (गाभा) तिला हात लावत नाही. कर्नलच्या नोंदीत तो स्पष्ट लिहितो की एक रीमॅप केलेली एनव्हीएमई सापडली, वापरायची तर मोड रेडवरून एएचसीआय या साध्या मोडवर आणा.

बायोसमध्ये तो पर्याय थेट बदलला तर विंडोज 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळा पडदा दाखवते, कारण सुरू होताना तिने एएचसीआयचा ड्रायव्हर लोडच केलेला नसतो. सेफ मोडमध्ये मूळ ड्रायव्हर सगळे लोड होतात, ती पळवाट वापरायची. क्रम असा ठेवला:

१. विंडोजमध्ये सिस्टिम कॉन्फिगरेशन उघडून बूट या पानावर 'सेफ बूट' आणि त्याखाली 'मिनिमल' निवडले. रीस्टार्ट.

२. रीस्टार्ट होताना एफ२ दाबून थेट बायोसमध्ये. साटा मोड रेडवरून एएचसीआय. सेव्ह करून बाहेर.

३. विंडोज सेफ मोडमध्ये उघडले. इथे पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड आधीच तपासून ठेवला होता.

४. सिस्टिम कॉन्फिगरेशनमधली सेफ बूटची खूण काढली. रीस्टार्ट.

पाच-सात मिनिटांचे काम. यात एकच जपायचे: बायोसमधला मोड बदलल्यानंतर विंडोज पहिल्यांदा उघडते ते सेफ मोडमध्येच उघडायला हवे. बदलून फसलेच तर मोड पुन्हा रेड केला की विंडोज परत येते, हेही सहायकांनी आधी सांगून ठेवले होते. वडील शेजारीच बसले होते, त्यांना ते ऐकून बरे वाटले.

डिस्कवर जागा काढणे

उबंटूसाठी ११० जीबी ठरवले. मूळ उबंटू, रॉस २, गॅझेबो आणि ड्रायव्हर मिळून ३० जीबीच्या आत बसतात, पण लायडार आणि कॅमेऱ्याच्या नोंदी भराभर फुगतात.

जागा नेहमी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच काढावी. एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइल-रचनेची, आतली मांडणी विंडोजला सर्वांत नीट कळते. पण 'श्रिंक व्हॉल्यूम' दाबल्यावर २५० जीबी रिकामे असूनही तिथे जेमतेम ९ जीबी मिळत होते. सी ड्राइव्हच्या शेवटाकडे हलवता न येणाऱ्या फाइली बसलेल्या असतात आणि श्रिंक तिथेच थांबते. नेमकी कोणती फाइल आडवी आली हे इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन नोंदींत, क्रमांक २५९ च्या नोंदीत, लिहिलेले असते. इथे ती पेजफाइल (रॅम अपुरी पडल्यास विंडोज वापरते ती फाइल) निघाली. ती बंद केल्यावर हायबरनेशनची फाइल आडवी, ती गेल्यावर रिस्टोअर पॉइंटच्या प्रती.

तिन्ही तात्पुरते बंद केले. पेजफाइल 'नो पेजिंग फाइल', हायबरनेशन 'पॉवरसीएफजी -एच ऑफ' या आज्ञेने, सिस्टिम प्रोटेक्शन बंद करून जुने पॉइंट पुसले. रीस्टार्टनंतर दीडशे जीबीपेक्षा जास्त जागा मिळू लागली. चौकटीत एमबीत आकडा भरायचा असतो: ११० गुणिले १०२४, म्हणजे १,१२,६४०. नवी जागा 'अनअलोकेटेड' म्हणून दिसली. ती तशीच सोडायची, विंडोजमध्ये तिचे नवे व्हॉल्यूम करायचे नाही. मग पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन पुन्हा चालू केले.

हायबरनेशन मात्र बंदच ठेवले. त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद होते, आणि ड्युअल बूटमध्ये ते बंदच हवे. फास्ट स्टार्टअपमध्ये शटडाउन म्हणजे खरा शटडाउन नसतो. विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवलेला असतो आणि वाय-फाय कार्डासारखी उपकरणेही अर्धवट अवस्थेत राहतात. मग लिनक्समध्ये 'वाय-फायच दिसत नाही' अशी तक्रार येते. बदल्यात विंडोज सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतात. वडिलांना तेवढे चालणार होते.

उबंटू बसवणे

उबंटू २४.०४ ची ताजी आयएसओ सुमारे ६ जीबीची. फाइल बिनचूक उतरली का ते एसएचए-२५६ बेरीज जुळवून पाहिले आणि रूफस या साधनाने पेनड्राइव्ह तयार केला, पार्टिशन प्रकार जीपीटी, लक्ष्य यूईएफआय. सिक्युअर बूट चालूच ठेवले. नव्या शिममुळे एसबॅटची तक्रार आली नाही. 'ट्राय उबंटू' मध्ये वाय-फाय, टचपॅड, आवाज आणि लायडार आधी तपासून घेतले.

इन्स्टॉलर विंडोजशेजारी बसण्याचा आयता पर्याय देतो. इथे मॅन्युअल निवडले, कारण कोणत्या पार्टिशनला हात लागतो हे डोळ्यांना दिसते. बसण्याआधी सगळी पार्टिशने आकारासह कागदावर लिहून घेतली होती: २६० एमबीचे ईएफआय (यात बूटलोडर असतात), १६ एमबीचे मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड, मग सी, मग ११० जीबी रिकामी जागा, शेवटी विंडोजचे आणि कंपनीचे अशी दोन रिकव्हरी पार्टिशने. पडद्यावरची यादी कागदाशी जुळल्यावरच पुढे.

रिकाम्या जागेत ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-रचनेचे एकच पार्टिशन, माउंट पॉइंट मूळ तिरकी रेघ (/). स्वॅपसाठी (रॅमला पूरक जागेसाठी) वेगळे पार्टिशन केले नाही, फाइल पुरते. बूटलोडरसाठी आहे तेच ईएफआय पार्टिशन. इथली चूक सर्वांत महाग पडते: ते फॉरमॅट केले की विंडोजचा बूटलोडर पुसला जातो. उबंटू त्यात काही एमबीच घेते, कारण कर्नल ईएक्सटी४ वरच राहतो. म्हणून २६० तर काय, १०० एमबीचे ईएफआय पार्टिशनही उबंटूला पुरते. कर्नल ईएफआय पार्टिशनमध्येच ठेवणारी पॉप ओएससारखी वितरणे असती तर हा हिशेब वेगळा झाला असता.

स्थापना पंचवीस मिनिटांत संपली. एवढ्या तयारीनंतर ती तशीच संपायला हवी.

आधी कोण सुरू होणार?

उबंटू बसले की बूट क्रमात स्वतःला पहिले ठेवते आणि ग्रबचा मेनू येतो, त्यातून विंडोज निवडायचे. बहुतेक जण तसेच ठेवतात. इथे उलटे केले. बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला, उबंटू दुसरे. मुलीला उबंटू हवे तेव्हा चालू करताना एफ१२ दाबून यादीतून निवडायचे. अशी कळ वेगवेगळ्या कंपन्यांत एफ९, एस्केप किंवा एफ१२ असते.

एक कारण वडिलांची अट. दुसरे कारण तांत्रिक आणि जास्त वजनाचे. नंतर एन्क्रिप्शन पुन्हा चालू करायचे होते, कारण दुकानाच्या ग्राहकांचे फोन नंबर आणि उधारीचा लेखाजोखा त्या डिस्कवर आहे. एन्क्रिप्टेड विंडोज ग्रबमधून सुरू केले तर मधल्या शिममुळे टीपीएमची मोजमापे बदलतात आणि तोच निळा पडदा समोर येऊ शकतो. फर्मवेअरमधून थेट सुरू झालेल्या विंडोजला शिमचा स्पर्शच होत नाही.

वडिलांचे स्वतःचे मायक्रोसॉफ्ट खाते काढून त्यातून लॉगिन केले, दुकानदाराचे खाते यंत्रावरून हटवले आणि थेट सुरू केलेल्या विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू केले. नवी की वडिलांच्या खात्यात दिसते का ते मोबाइलवरून पाहिले. जुन्या कीचे कागद फाडले, नव्या कीचा एक कागद दुकानाच्या परवान्यांच्या फाइलीत आणि एक घरी.

नंतर उगवलेल्या गोष्टी

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला दुकानातल्या विंडोजच्या घड्याळात चार वाजले होते आणि पहिल्या बिलावर तीच वेळ छापली गेली. विंडोज मदरबोर्डवरचे घड्याळ स्थानिक वेळेत धरते, लिनक्स यूटीसी या जागतिक वेळेत. रात्री उबंटूने ते यूटीसीला लावले, म्हणून विंडोज साडेपाच तास मागे. इलाज दोन. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ही नोंद करणे, किंवा लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा देणे. दुसरा निवडला. लिनक्स त्यावर इशारा देते, पण त्याचे मोठे कारण उन्हाळी वेळेसाठी घड्याळे पुढे-मागे होणे. भारतात तो प्रकार नाही, आणि वडिलांच्या बाजूला जितके कमी बदल तितके बरे.

ग्राफिक्सचा गोंधळ जास्त वेळ खाऊन गेला. गटातल्या एकाने एनव्हिडियाचा डीकेएमएस ड्रायव्हर बसवला. तो यंत्रावरच बांधला जातो, म्हणून सिक्युअर बूटसाठी त्याच्या सहीची किल्ली एकदा शिमकडे नोंदवावी लागते. ड्रायव्हरने पासवर्ड विचारला. पुढच्या रीस्टार्टला निळ्या पार्श्वभूमीवर ही किल्ली नोंदवण्याचा, एमओके मॅनेजमेंटचा, पडदा आला, आणि आधीच्या निळ्या पडद्याच्या धास्तीने मुलीने काहीच दाबले नाही. दहा सेकंदांत तो निघून गेला. ड्रायव्हर लोड झाला नाही, गॅझेबो इंटेलच्या ग्राफिक्सवर संथ चालले आणि कारण दोन दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. मग 'मोकयूटिल -इम्पोर्ट' ने किल्ली पुन्हा पुढे केली, रीस्टार्ट करून 'एन्रोल एमओके' निवडले, पासवर्ड दिला. 'एनव्हिडिया-एसएमआय' मध्ये कार्ड दिसू लागले. उबंटूकडून आधीच सही होऊन येणारे एनव्हिडियाचे मॉड्यूल घेतले असते तर हा टप्पा लागलाच नसता.

लायडारला परवानगी नाकारली जात होती. वापरकर्त्याला 'डायलआउट' गटात घालून पुन्हा लॉगिन केल्यावर सुटले. सॉलिडवर्क्समधले आकार उबंटूत न्यायला एक्सफॅट पेनड्राइव्ह ठेवला. रॉसचे काम मात्र कायम ईएक्सटी४ वरच, कारण कोलकॉनला (रॉसचे प्रोग्रॅम बांधणारे साधन) लागणाऱ्या सिमलिंक आणि फाइलींच्या परवानग्या एक्सफॅटवर टिकत नाहीत.

निष्पत्ती

दुकानाचे काम एकही दिवस थांबले नाही. चुकीच्या वेळेचे एक बिल रद्द करून नव्याने करावे लागले. जीएसटीआर-३बी १९ तारखेला भरला गेला. आढाव्यात गाडीने महाविद्यालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत कुंड्यांच्या दोन ओळींमधून नकाशा काढून फेरी मारली, एका वळणावर अडली आणि पुन्हा सुटली. विंडोजची दोन मासिक अपडेट झाल्यानंतरही दोन्ही बाजू सुरू होत आहेत.

वेगळे काय करता आले असते

पहिला प्रयत्न ९ तारखेला करायलाच नको होता, आणि बायोसला हात लावण्याआधी 'मॅनेज-बीडीई -स्टेटस' ही एक आज्ञा दिली असती तर ती रात्र टळली असती. जुन्या पेनड्राइव्हने तक्रार केल्यावर सिक्युअर बूट बंद करण्याऐवजी पेनड्राइव्ह बदलायचा होता.

दुसरी गोष्ट महिनाभराने कळली. पंख्यातली धूळ काढायला लॅपटॉपची खालची पाटी उघडली, तेव्हा आत अडीच इंची साटा डिस्कची रिकामी जागा दिसली. तिथे छोटी एसएसडी बसवली असती तर सी ड्राइव्ह आवळायची आणि ईएफआय पार्टिशन वाटून घ्यायची गरज पडली नसती, आणि उबंटूचा बूटलोडर त्याच्याच डिस्कवर ठेवता आला असता. मॉडेल क्रमांकावरून सर्व्हिस मॅन्युअल शोधायला दहा मिनिटे लागतात. जागा वाटण्याचा निर्णय त्यानंतर घ्यायचा.

प्रकल्प संपल्यावर उबंटू काढायचे ठरले तर ईएक्सटी४ पार्टिशन डिस्क मॅनेजमेंटमधून पुसायचे, सी वाढवून घ्यायचे आणि ईएफआय पार्टिशनमधला 'उबंटू' फोल्डर काढायचा. ग्रब पहिला असता तर पार्टिशन पुसल्यावर लॅपटॉप ग्रबच्या काळ्या पडद्यावर अडकला असता. इथे विंडोज बूट मॅनेजर पहिला आहे, त्यामुळे तसे होणार नाही. तूर्त मुलीचा तसा विचार नाही. पुढच्या हंगामात गाडीवर फवारणीचा पंप बसवायचा आहे.